वेलांटी कोण?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका अनोळखी माणसाशी तीन महिने पत्रव्यवहार केला. माणसाशी म्हणते, पण तो पुरुष होता की बाई, हे मला आजही माहीत नाही. उत्तराखाली फक्त दोन इंग्रजी अक्षरं असायची. मराठीत कुणाबद्दल एक वाक्य बोलायचं तरी तो आला की ती आली हे आधी ठरवावं लागतं. शेवटी आदरार्थी बहुवचनानं माझी सोय केली. मी मनात त्यांना ‘ते’ म्हणू लागले, आणि पुढं तो आदर खराही झाला.

ते एका मोबाईल कंपनीच्या मदत-विभागात होते. त्या काळी फोनला बटणं होती आणि पडदा काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा. त्या फोनवर चालणारे छोटे प्रोग्रॅम कुणालाही लिहिता येतात, त्यासाठीची माहिती कंपनीनं इंटरनेटवर फुकट ठेवली आहे आणि अडलं तर तिथंच प्रश्न विचारता येतो, हे मला आमच्या सरांनी सांगितलं. मी प्रोजेक्टसाठी विषय घेतला तो घरचा होता.

आमचं गाव दुसरबीडच्या अलीकडे आत आहे. शेती कोरडवाहू, कपाशीची. बीटी बियाणं आलं तेव्हा गावात असा समज झाला की आता फवारणी गेली. बोंडअळी कमी झाली हे खरं. पण मावा, तुडतुडे, पांढरी माशी या पानातला रस पिणाऱ्या किडींना त्या बियाण्याचं काहीच नव्हतं. मग पानं पिवळी-लाल दिसली की बाबा कृषी केंद्रात, म्हणजे बियाणं-औषधाच्या दुकानात, विचारायचे आणि तिथून एकच उत्तर यायचं, की मारा. बाबा पाठीला पंप बांधायचे आणि आई विहिरीवरून डोक्यावर पाणी आणायची. पंपामागून पंप. संध्याकाळी दोघांचे डोळे लाल असायचे. आई म्हणायची, “हे कोनासाठी मारून राह्यलो आपन, किडीसाठी का दुकानासाठी?”

त्या वर्षी गावात बायकांची शेतीशाळा सुरू झाली होती. आठवड्यातून एकदा कृषी सहायक यायचे आणि किडी मोजायला शिकवायचे. इतक्या झाडांवर इतक्या दिसल्या तरच फवारा, नाहीतर थांबा. आईला ते फार पटलं. पण साहेब गेले की आकडे आणि नावं डोक्यात मिसळायची, आणि दिलेलं माहितीपत्रक बारीक अक्षरांचं होतं. त्यातली भाषा तर आमच्या गुरुजींनाही दोनदा वाचावी लागली. मी ठरवलं की हेच फोनवर करायचं. आईनं मोजलेला आकडा टाकायचा आणि फोननं मराठीत सांगायचं, फवारा की थांबा. जालन्याला गाडी चालवणाऱ्या माझ्या भावानं त्याचा जुना फोन घरी दिलेला होताच, तो मी होस्टेलवर घेऊन आले.

त्या वर्षांत पेपरात आमच्या भागाचं नाव एकाच कारणानं छापून यायचं. होस्टेलवरच्या मुली माझ्याशी जरा जपून बोलायच्या, घरी सगळे बरे आहेत ना असं हळूच विचारायच्या. मला त्याचा राग यायचा नाही, पण काय बोलावं हे सुचायचं नाही. प्रोजेक्टचा विषय सांगताना मात्र बोलायला सोपं गेलं.

कंपनीची माहितीची पानं मी छापून घेतली आणि स्पायरल बांधून आणली. ती वाचणं हा माझ्या आयुष्यातला एक निराळा अनुभव होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. पुस्तकातलं कळलं नाही की चूक माझीच असणार, असं मी पहिल्या वर्षापासून धरून चालले होते. कॉलेजची पुस्तकं व्याख्या द्यायची, दहा मार्कांना पुरेल एवढी. ही पानं तशी नव्हती. त्यात लिहिलेलं असायचं, की इथं बहुतेक लोक अमुक चूक करतात, मग फोन गोठतो, तसं झालं तर घाबरू नका, बॅटरी काढून परत घाला. कुठंतरी दूर बसून कुणीतरी हे पान लिहिताना माझ्यासारखी घाबरणारी मुलगी डोळ्यासमोर धरली होती, असं मला वाटायचं.

इंग्रजी मात्र जड जायचं. माझी खोलीतली मैत्रीण जानेफळची. ती शब्दकोश घेऊन बसायची आणि मी पान वाचायची. एका फंक्शनपुढं लिहिलं होतं ‘डेप्रिकेटेड’.

“निषेध केलेला,” तिनं शब्दकोश वाचला.

“कोनी केला?”

“कंपनीनंच, आजून कोन.”

“मंग ठेवलं काऊन ते?”

तिनं जरा विचार केला. “घरातलं बिघडेल पोरगं असन वं. हाकलता बी येत नाई, पाव्हन्याले दाखोता बी येत नाई.”

पुढं कळलं की तिचा अर्थ बराचसा बरोबर होता. ते फंक्शन जुनं झालेलं, नवीन कामात वापरू नका, पण जुन्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेलं होतं. दुसऱ्या एका पानावर ‘मेन थ्रेड’, शब्दकोशाप्रमाणे मुख्य दोरा, अडवून ठेवू नका असं आलं तेव्हा ती म्हणाली, “कपाशीवाल्याच्या पोरीले दोरा शिकवून राह्यले हे!” आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली.

प्रोग्रॅम लिहिताना कॉम्प्युटरच्या पडद्यावरच एक फोन दिसतो, खोटा फोन. त्यात चालवून बघायचं आणि मग खऱ्या फोनमध्ये घालायचं. माझा प्रोग्रॅम खोट्या फोनमध्ये छान चालला. ‘हिरवे तुडतुडे’, ‘पांढरी माशी’, ‘चार दिवस थांबा’, सगळं मराठीत स्वच्छ दिसत होतं. जगातल्या सगळ्या लिपी चालतात असं माहितीच्या पानावर लिहिलेलंच होतं. मी तो प्रोग्रॅम फोनमध्ये घातला आणि शनिवारच्या गाडीनं घरी गेले.

आई वाचते ती बोट ठेवून. ती शाळेत गेलेली नाही. मी पहिलीत असताना माझ्या अंकलिपीवरून माझ्याबरोबर ती शिकली, आणि मी पुढं गेले तरी ती तशीच, एकेक अक्षर जोडत वाचत राहिली. तिनं फोन चुलीपासून लांब, उजेडाकडे धरला.

“ह… रि… वे. हरिवे?” ती थांबली. “हरीचे तुडतुडे? देवाचे हायेत का काय हे?”

मी फोन हातात घेतला. खऱ्या फोनवर ‘हिरवे’ची वेलांटी ‘ह’ सोडून पुढच्या ‘र’वर जाऊन बसली होती. ‘दिवस’चं ‘दविस’ झालं होतं. जोडाक्षरं तर पाय मोडून पडली होती. खरं सांगायचं तर मी स्वतः तो पडदा आधी तीनदा बघितला होता आणि मला काहीच चुकीचं दिसलं नव्हतं. मला शब्द माहीत होते, म्हणून मी ते वाचत नव्हतेच, ओळखत होते. आईला ओळखता येत नाही. जे लिहिलंय तेच ती वाचते.

“दविस म्हंजे?”

“दिवस, आई. ते चुकलं.”

“मंग नीट कर,” ती म्हणाली आणि फोन परत दिला. रागावून नाही. भाकरी जळली तर दुसरी टाक म्हणते त्या आवाजात.

कॉलेजात सरांना दाखवलं. सर चांगले होते, पण त्यांच्याकडे अकरा प्रोजेक्ट होते. ते म्हणाले, “समजतंय की. नाहीतर असं कर, मराठी इंग्रजी अक्षरांत लिही. ‘फवारा’चं ‘एफ ए व्ही’ करून. सगळे मेसेज तसेच करतात.”

मी हो म्हणून बाहेर आले. मला नाही म्हणता येत नाही. पण आईला एबीसीडी येत नाही हे मी सरांना सांगितलंच नव्हतं. का सांगितलं नाही, ते त्यावेळी मलाही कळलं नाही. कदाचित लाज वाटली असेल. लॅबमध्ये आम्हाला गुरुवारी एक तास इंटरनेट मिळायचं. त्या गुरुवारी मी कंपनीच्या मदतीच्या पानावर माझा पहिला प्रश्न लिहिला.

पहिलं उत्तर आलं ते मशीननं दिल्यासारखं होतं, की अमुक पान वाचा. ते पान मला पाठ होतं. मी पुन्हा लिहिलं. यावेळी नीट समजावून सांगायचं म्हणून मराठीत वाक्य तयार केलं आणि त्याचं इंग्रजी केलं. वेलांटीला इंग्रजीत काय म्हणतात ते शब्दकोशात मिळालं नाही, म्हणून तो शब्द तसाच ठेवला. वाक्य असं होतं: ‘रिस्पेक्टेड सर, इन युअर फोन फर्स्ट वेलांटी इज लीव्हिंग हर ओन लेटर अँड गोइंग टू नेक्स्ट लेटर्स हाउस. काइंडली डू द नीडफुल.’

पुढच्या गुरुवारी काहीच आलं नाही. मग त्याच्या पुढच्या गुरुवारी उत्तर आलं, खाली दोन अक्षरांची सही असलेलं. त्याचा मतलब असा होता: तुमच्या सहकारी वेलांटी यांना जो त्रास झाला त्याबद्दल आम्हाला वाईट वाटतं. त्यांचं पत्र कुणा दुसऱ्याच्या घरी गेलं, असं आम्ही समजतो. कृपया वेलांटी यांनाच थेट आम्हाला लिहायला सांगा. आणि ‘फर्स्ट’ हे त्यांचं पहिलं नाव आहे का?

मैत्रिणीनं ते लॅबमध्ये मोठ्यांदा वाचलं आणि त्या दिवसापासून मला वर्गात वेलांटीबाई हे नाव पडलं. कुणी माझी वही मागायला आलं की विचारायचं, “वेलांटीबाई हायेत का घरी, का शेजारी गेल्या?” मी दोन दिवस खाली मान घालून फिरले. आपण लिहिलेलं जगात कुठंतरी वाचलं गेलं आणि त्याचं असं हसू झालं, या विचारानं मला पुन्हा लिहायचा धीर होईना. सरांचं ऐकावं, इंग्रजी अक्षरं घालावी आणि मोकळं व्हावं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

मग तेच उत्तर मी एकटीनं पुन्हा वाचलं. त्यात थट्टा कुठंच नव्हती. त्या माणसाला एका अक्षराचाही अर्थ लागला नव्हता, तरी त्यांनी प्रश्न फेकून दिला नव्हता. माझं वाक्य खरं धरून त्यातून जे निघेल ते मनापासून समजून घ्यायचा प्रयत्न केला होता. वेलांटी नावाची कुणी बाई अडचणीत असेल तर तिला मदत करायला ते तयार होते. मी लिहिलं, वेलांटी ही बाई नाही, आमच्या लिपीतलं चिन्ह आहे, बोलताना ते अक्षरानंतर येतं पण लिहिताना अक्षराआधी बसतं. माफ करा.

त्यांचं उत्तर पुढच्याच गुरुवारी होतं. माफी मीच मागायला हवी, मी ही लिपी आधी कधी पाहिलेली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मग लिहिलं होतं, की मला शिकवाल का? एक शब्द कागदावर लिहा, त्याचे भाग तुम्ही ज्या क्रमानं उच्चारता त्या क्रमानं आकडे घाला, आणि खाली डोळ्याला ज्या क्रमानं दिसतात ते आकडे घाला. आणि फोनच्या पडद्याचा फोटो पाठवा.

मला शिकवाल का, असं मला तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मी ते वाक्य वहीच्या मागं उतरवून ठेवलं.

फोटो काढायला माझ्याकडे काही नव्हतं. शनिवारी घरी जाताना देऊळगाव राजाला गाडी बदलावी लागते. तिथं स्टँडजवळ एक फोटो स्टुडिओ आहे, चाचा बसतात. गावातल्या सगळ्यांचे परीक्षेचे आणि लग्नाचे फोटो त्यांच्याकडचे.

“पासपोर्ट का फुल साइज, बेटा?”

“माझा नाही चाचा. याचा काढायचा,” मी फोन पुढं केला.

त्यांनी फोन उलटासुलटा केला. “फोन का फोटो? कौनसी नोकरी का फारम भर रहा है ये?”

मी सांगायला सुरुवात केली आणि अडखळले. त्यांनी हात वर केला. “रहने दे. बैठाव साहब को.” त्यांनी फोनला लाल पडद्यासमोरच्या स्टुलावर उभं केलं. फ्लॅश मारला तर काचेत नुसता पांढरा ठिपका आला. मग फ्लॅश बंद केला, ट्यूब विझवली, काळं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, वरून धर. तेवढ्यात फोनचा दिवा विझला. मी बटण दाबायची, ते कॅमेऱ्यात डोळा घालायचे, दिवा विझायचा. “अरे आँख मत झपका, नवरदेव!” ते फोनवरच ओरडले. पाच-सहा वेळा झाल्यावर एक फोटो स्वच्छ आला. तो कॉम्प्युटरवर मोठा करून बघताना ते थांबले.

“हरिवे… ये गलत लिखेला है बेटा.”

“हो चाचा. तेच दाखवायचंय.”

“म्हंजे गलतीचाच फोटो पाह्यजे? आजवर लोकं गलती झाकाले येत होते माह्याकडं.” त्यांनी मान हलवली आणि मीच विसरले असते ते केलं. दुसरा फोटो माझ्या कागदाचा काढला, आकडे घातलेल्या ‘हिरवे’चा.

दोन्ही फोटो शेजारच्या इंटरनेट कॅफेतून पाठवले. पुढचं उत्तर लांबलचक होतं आणि ते मी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, फोनला लिपी कळत नाही. त्याला जी चिन्हं ज्या क्रमानं मिळतात ती तो त्याच क्रमानं मांडतो. कॉम्प्युटरला कळते, म्हणून खोट्या फोनवर बरोबर दिसतं. दुसरी, तात्पुरता उपाय म्हणून तुम्ही क्रम उलटा द्या, आधी वेलांटी आणि मग अक्षर. चुकीचं लिहा, बरोबर दिसेल. जोडाक्षरांवर मात्र आमच्याकडे काहीच उपाय नाही. तिसरी गोष्ट अशी होती: सगळ्या लिपी चालतात हे आमच्या पानावर आम्ही न तपासता लिहिलं. चूक आमची आहे. तुमचा वेळ गेला त्याबद्दल दिलगीर आहोत. पान दुरुस्त करतो.

कुणी मोठं माणूस, छापलेल्या पानाचं माणूस, माझ्यासारखीला चूक आमची असं म्हणू शकतं, हे मला नवीन होतं. मैत्रीण म्हणाली, “पाह्य वं, कंपनी मापी मांगून राह्यली. आता तरी ताठ बस.”

उलट्या वेलांटीची मजा घरी कळली. मी आईला सांगत होते की फोनला आधी वेलांटी द्यावी लागते, मग अक्षर. ती म्हणाली, “मंग त्यात काय? मी तं तशीच काढते.” आणि तिनं राखेत बोटानं ‘दिवस’ काढलं. आधी दांडी आणि वरचा वळसा, मग त्याच्या पोटाशी ‘द’. फोनला जे हवं होतं ते आईचा हात रोजच करत होता.

जोडाक्षरांचं मात्र खरंच अवघड होतं. शेतीच्या पुस्तकातली मराठी जोडाक्षरांनी भरलेली आहे. ‘आर्थिक नुकसानीची पातळी’, ‘मित्रकीटक’, ‘संपर्क साधावा’, यातलं काहीच फोनवर नीट दिसत नव्हतं. ‘पुन्हा’ नाही, ‘पानाच्या’सुद्धा नाही. एक अख्खा रविवार मी वही घेऊन आईसमोर बसले. मी पुस्तकातलं वाक्य वाचायची आणि ती चपात्या लाटता लाटता तिचं सांगायची.

“कृषी सहायकांशी संपर्क साधावा.”

“साहेबांना विचारा.”

“पुन्हा निरीक्षण करावे.”

“परत पाहा.”

“मित्रकीटकांचे संवर्धन करावे.”

“हे काय हाय आता?”

“ते लाल, ठिपक्यांचे, ढालकिडे. ते मावा खातात, त्यांना मारू नये.”

“मंग तसं लिव्ह ना बाई! ढालकिडा मावा खातो. मारू नका. एवढं संस्कृत कायले पाह्यजे किडीले?”

वाक्यामागून वाक्य असं निघत गेलं आणि त्यात जोडाक्षर शोधूनही सापडेना. त्या दिवशी मला वाटलं की हा प्रोग्रॅम दोन माणसांनी दोन टोकांनी लिहिला, आणि मी मधली टायपिस्ट आहे. एका टोकाला मराठी येत नव्हती आणि दुसऱ्या टोकाला इंग्रजी.

दसऱ्याआधी कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचे होते, आणि तिथं पडद्यावर खोटा फोनच मोठा करून दाखवायचा असतो. उलटी लिहिलेली वेलांटी आता खोट्या फोनवर चुकीची दिसायची. सर बघतच राहिले. “मागच्या वेळी पडद्यावर तरी बरोबर होतं! सुधारायला सांगितलं होतं, बिघडवून आणलंस?”

मी फोन काढला. “सर, फोनवर… फोनवर बरोबर आहे.”

“पण बाहेरचे परीक्षक पडदा बघणार ना.”

“सर, वावरात पडदा नसते,” मागून मैत्रीण म्हणाली. वर्ग हसला. मला वाटलं आता संपलं. सरांनी हात पुढं केला, फोन घेतला आणि एकेक बटण दाबत खालपर्यंत वाचत गेले. मग विचारलं, “इंग्रजी अक्षरांत का नाही केलंस? मी सांगितलं होतं.”

“सर, माझ्या आईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. तिच्यासाठी आहे हे.”

बोलून झाल्यावर मला जाणवलं की एवढं साधं वाक्य बोलायला मला दोन महिने लागले होते. सर म्हणाले, “मग हे पहिल्या दिवशी सांगायचं, वेडे.” परीक्षकांना फोन हातात द्यायचा असं त्यांनीच ठरवलं.

त्याच आठवड्यात कंपनीचं ते पान उघडलं तर ते बदललेलं होतं. सगळ्या लिपी चालतात हे वाक्य गेलं होतं. त्या जागी कोणत्या लिपी चालत नाहीत हे सरळ लिहिलं होतं, खाली क्रम उलटा देण्याचा उपाय होता आणि ‘हिरवे’चे आकडे घातलेले भाग होते, माझ्याच कागदासारखे. माझं नाव नव्हतं आणि त्यांचंही नव्हतं. माझ्यानंतर कुणीतरी, बंगालमधली किंवा गुजरातमधली मुलगी ते पान वाचेल आणि तिचे दोन महिने वाचतील, हा विचार करत मी तास संपेपर्यंत ते उघडं ठेवलं. आभाराचं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: तुमच्या आईंना वाचता आलं का, ते कळवा.

मी दसऱ्याला घरी गेले. सकाळी बाबा पंप धुऊन ठेवत होते. वरच्या पट्टीतली पानं कडेनं लाल झाली होती आणि केंद्रातून औषध आणलेलं होतं. आई फोन कमरेला खोचून वावरात निघाली. मी मागं. कपाशी छातीला लागत होती, खालची बोंडं फुटायला आली होती. तिनं एका झाडाशी थांबून फोन उघडला आणि बोट न ठेवता वाचलं.

“हिरवे तुडतुडे.” मग माझ्याकडे बघितलं. “आता देवाचे नाई राह्यले.”

पुढचं तिनं मोठ्यांदा वाचलं. “पानावर कीड मोजा.” ती थांबली. फोन खाली केला. “हे कोनं लिवलं?”

“मी.”

“पानावर कुठी असते तुडतुडा? तो पानामांगं असते. वरून पाहशीन तं एक बी दिसनार नाई. मंग तुहा फोन म्हनन थांबा, आन पीक जाईन.”

माझं तोंड उतरलं. मी ते वाक्य पुस्तकातून छोटं करताना ‘खालच्या बाजूस’ हे जोडाक्षरासाठी गाळलं होतं, आणि मग विसरून गेले होते. वर्षानुवर्षं कपाशीत वाढूनही मी स्वतः पान उलटून मोजलं नव्हतं. “माझं चुकलं, आई,” मी म्हणाले. “बदलते. पानामागं मोजा. जोडाक्षर नाही त्यात.”

“बदलशीन मंग. आता मोज.”

आम्ही दोघींनी मोजलं. पान हळू उलटं करायचं, नाहीतर तुडतुडे तिरपे पळून कडेला जातात. एका ओळीतलं एक झाड, मग चार ओळी सोडून दुसरं. आई तोंडानं आकडे म्हणत होती आणि मी दुसऱ्या टोकानं. काही पानांमागं ढालकिडेही होते, ते तिनं वेगळे मोजले. बांधावर आल्यावर तिनं आकडा स्वतः फोनमध्ये टाकला. बटणं मोठी नव्हती, दोनदा चुकली, पुसून परत टाकला. मग वाचलं.

“फवारा नको. चार दिवस थांबा. परत पाहा.”

बाबा पंप घेऊन येतच होते. “पानी कुठी हाय?” त्यांनी विचारलं.

“आज नाई मारत. चार दिवसांनी पाहू.”

“कोन सांगते? फोन?”

“फोनले काय कळते कपाशीतलं?” आई म्हणाली. “म्या मोजले.”

बाबा पंप बांधावर ठेवून सरळ पहिल्या ओळीत शिरले आणि वाकून पानाच्या वरच्या बाजूनं बघू लागले. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि त्यांच्यामागं गेली. “तसं नाई,” तिचा आवाज आला. “उलटं करा. हळू.”